दोन टक्क्यांतली आक्का

दि. ४ मार्च, मंगळवार

चि. खारूस मामाचे अनेक आशीर्वाद.

कशी आहेस? जिना चढताना तुझा डावा गुडघा कुरकुरायचा, तो आता गप्प आहे का? जावईबापूंची कंबर कशी आहे? दिवसभर खुर्चीला चिकटणाऱ्या माणसाने तासाला एकदा उठून उगाच घरभर फिरावं, मामांचा हुकूम आहे म्हणावं. तुझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू काढला असं कळलं. आता सुईत दोरा स्वतः ओवतात का? आणि आमची नात, जिला आम्ही फक्त फोटोत पाहिलंय? अडीच वर्षांची म्हणजे दाढा येत असतील, चिडचिड करत असेल. बोलते का? काय काय बोलते?

इकडे सगळं ठीक. माझा दमा जुना भाडेकरू, घर सोडायचं नाव घेत नाही. तुझी आई, म्हणजे आमची आक्का, मजेत आहे. हल्ली जरा कमी बोलते, इतकंच.

तीन वर्षांनी मामाला कुठून उमाळा आला, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. पण आलेलं पत्र न फोडता टाकून देणारं माणूस आपल्या घरात जन्मलेलं नाही, त्या भरवशावर लिहितोय.

एक किरकोळ काम होतं. तुमच्या कंपनीत नऊ टाचण्यांचं बंदर असलेला एखादा जुना लॅपटॉप कुठे पडून आहे का? बघ, अजून बंदरच लिहितो. शब्दकोश मांडीवर घेऊन मी इंग्रजी पुस्तिका वाचायला शिकलो, तेव्हा 'पोर्ट'चा अर्थ 'बंदर' निघाला आणि दोन महिने मी यंत्रात समुद्र शोधत बसलो. तू आठ वर्षांची होतीस. हसून हसून जमिनीवर लोळलीस आणि मग माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला उलटं करून विचारायचीस, "मामा, याला बंदरं किती?"

घाई नाही. आक्काच्या कानामागच्या यंत्राला वर्षातून दोनदा कॉम्प्युटर जोडून सूर लावावा लागतो, ते काम आपला 'म्हातारा' लॅपटॉपच करतो. त्याची बिजागरी ढिली झालीय. पुढची सोय म्हणून विचारलं.

उत्तर पाठव.

तुझा मामा


दि. १३ मार्च, गुरुवार

चि. खारूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. टाइप केलेलं एक पान, वर 'नमस्कार', खाली सही. 'मामा' हा शब्द कुठेच नाही. चष्मा पुसून दोनदा शोधला. असो, उत्तर आलं हे काय कमी आहे!

तुझे मुद्दे नीट वाचले. तू म्हणतेस, ते बंदर जाड, त्याच्यामुळे सगळं यंत्र जाड. त्यातून धूळ शिरते. त्याच्या टाचण्या वाकतात. शंभरातले अठ्ठ्याण्णव लोक त्यात आयुष्यात एकदाही काही खुपसत नाहीत. आणि ज्यांना लागतं त्यांनी कन्व्हर्टर लावावा. हे सगळं खरं आहे. वाकलेल्या टाचण्या चिमट्याने सरळ करण्यात माझे डोळे गेले, मी कसा नाही म्हणू? नवं चपटं बंदर कानामागून आलं नि तिखट झालं, पण कामाचं आहे. उलटं-सुलटं कसंही घाला, बसतं. मी काही जुनं तेवढं सोनं म्हणणाऱ्यांतला नाही.

पण 'कन्व्हर्टर लावा' हे म्हणायला सोपं आहे, पोरी. आक्काच्या यंत्राला जोडायची जी पेटी आहे तिला विजेची वेगळी वायर नाही. ती बंदरातूनच वीज पिते. जुन्या बंदरात तेवढा दम होता. बाजारातला कन्व्हर्टर म्हणजे लॅपटॉपला लावलेली शेपूट. अक्षरं पोचवतो, पण पेटीचं पोट भरत नाही. पेटी अर्ध्यात धापा टाकते. हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते विचारू नकोस.

तू लिहिलंस, 'कंदिलासाठी घराला कुणी खुंटी ठेवतं का?' ठेवतं. ज्यांच्याकडे लाइट जाते ते ठेवतात.

नवीन यंत्र का घेत नाही, असं विचारलंस. विचारून आलो. आक्काच्या डोक्यातला आतला भाग चोवीस वर्षांपूर्वी बसवलेला. बाहेरचं नवं यंत्र त्याच्याशी बोलत नाही. आतला बदलायचा तर पुन्हा डोकं उघडायचं, आणि सत्तराव्या वर्षी तिच्या हृदयाला ते झेपणार नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

आता खरं लिहितो. म्हाताऱ्याची बिजागरी वगैरे काही नाही, म्हातारा गेला. फेब्रुवारीच्या शेवटी पडद्यावर आडवी रेघ आली, मग जळका वास. सात वेळा उघडला. मी मेलेले रेडिओ उठवलेत, पण हा उठला नाही.

आणि आता विषय निघालाच आहे तर मनातलंही लिहितो. तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तू तुमच्या कंपनीने बनवलेला तो नवा लॅपटॉप आईच्या हातात दिलास, "बघ आई, किती पातळ!" मी विचारलं, "याची बंदरं कुठायत?" तू म्हणालीस, "मामा, तुझ्यासारखे जगात दोन टक्के उरलेत. दोन टक्क्यांसाठी बाकीच्यांनी ओझं वाहायचं का?" तुझे शब्द पुरे झाले आणि आक्काने कानामागचं यंत्र काढून ताटाशेजारी ठेवलं. तिने यंत्र काढलं म्हणजे ती खोलीतून उठून गेली, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पोटच्या पोरीने आपल्याला दोन टक्क्यांत मोजलं, हे तिला ऐकवलं नाही. मी पुढे जे बोललो ते रागात बोललो. पण सुरुवात कुणी केली, हेही तू आठवून बघ.

जास्त लिहीत नाही. लॅपटॉपचं तेवढं बघ.

मामा


दि. २२ मार्च, शनिवार

खारू,

हे पत्र पूर्ण वाच. मागची दोन फाडून टाकलीस तरी चालेल.

काल आक्का पडली. घाबरू नकोस, मनगट मुरगळलंय, पट्टी बांधलीय, हाड शाबूत आहे. औषधाच्या दुकानातून परत येत होती. मागे एक टेम्पो रिव्हर्स घेत होता. भोंगा वाजत होता, हेल्पर ओरडत होता, समोरचा चहावाला हात हलवत होता. हिला काहीच ऐकू येत नव्हतं. चहावाल्याने रस्ता ओलांडून तिला ओढलं म्हणून मनगटावर निभावलं.

तू म्हणशील, यंत्र घातलं नव्हतं का? घातलं होतं. त्यात काही उरलेलं नाही.

ऐक. म्हातारा गेल्यावर मी बाजारातून कन्व्हर्टर आणला. तुझ्याकडे मागायचं म्हणजे आधी त्या दिवसाबद्दल बोलावं लागणार, त्यापेक्षा शेपूट बरी असं वाटलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही बघ. आपल्या कानवाल्या बाई आठवतात ना? इस्पितळातून निवृत्त होताना ज्यांनी ती पेटी आपल्याला दिली त्या. सूर नेहमी त्या लावतात, मी फक्त वायरी धरतो. त्या मला दोनदा म्हणाल्या होत्या, "मी असल्याशिवाय हात लावू नका हं." मी म्हटलं, नुसतं जोडून बघू. जोडलं. पेटीचा हिरवा दिवा लागला. मला चेव आला. बावीस स्वर असतात, प्रत्येकाचा हळू आवाज किती नि मोठा आवाज किती ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. भरायला लागलो. नवव्या स्वराला दिवा मिणमिणला आणि विझला. जुनं पुसलं गेलं होतं आणि नवं पोचलं नव्हतं.

समोर खुर्चीत आक्का बसली होती. मला म्हणाली, "झालं का रे?" मी म्हटलं, "झालं." तिने कानाला हात लावला. पुन्हा म्हणाली, "झालं का?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ही गोष्ट १ मार्चची. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तिला तीन दिवस झाले होते. आज एकवीस. घरात आम्ही पाटीवर लिहून बोलतो. नळ चालू राहतो, दूध उतू जातं, बेल वाजवून माणसं परत जातात. काल पट्टी बांधून झाल्यावर तिने डाव्या हाताने पाटीवर काय लिहिलं माहीत आहे? 'नात बोलते का?'

ती अडीच वर्षांची पोर काय बोलते ते मला माहीत नाही, म्हणून मी पाटी पुसली.

बाई म्हणतात, खरं जुनं बंदर मिळालं तर अजून वाट आहे. पण अर्धवट लिहिलेलं यंत्र फार दिवस तसंच पडलं तर पुन्हा घेईल की नाही, सांगता येत नाही. इथली सगळी दुकानं, सगळी भंगारं पालथी घातली. चार मिळाले. दोघांचं बंदर गंजलेलं, दोघं चालूच होत नाहीत.

तुझ्याशिवाय दुसरं दार नाही. माझ्यासाठी करू नकोस.

मामा


दि. २९ मार्च, शनिवार

चि. खारू,

तुझं पत्र काल आलं. या वेळी हाताने लिहिलेलं, आणि वर 'मामा'. तो एक शब्दच दोनदा वाचला. मग पुढचं वाचलं.

ते दोन टक्के तुझे नव्हतेच, हे तू तेव्हा का नाही बोललीस? मला कसं कळणार की सहा महिने तू एकटी त्या बैठकीत भांडत होतीस? की तू बंदरासकट एक नमुना बनवून घेतलास, कडेला फक्त चार मिलिमीटरने जास्त जाड, आणि टेबलावर ठेवून म्हणालीस, "माझ्या आईला हे लागतं"? की तुझ्या साहेबाने तो हातात तोलून तुला सांगितलं, "दोन टक्क्यांसाठी बाकीच्यांनी ओझं वाहायचं का?" तू हरून घरी आलीस आणि हरलेल्या माणसासारखी त्याचंच वाक्य बोललीस. आपण बोललो की दुसऱ्याने टोचलेलं कमी टोचतं, असं वाटतं माणसाला.

आणि त्यावर मी काय म्हटलं? 'आईचा कान कापून पातळ केलंस.' हे वाक्य मी मागच्या पत्रांत लिहिलं नाही. 'रागात बोललो' असं म्हणून पुढे गेलो. आज लिहितो, कारण मी म्हटलेलं मला माझ्याच अक्षरात दिसू दे. पोरी, माफ कर. उंटावर बसून शेळ्या हाकल्या मी.

आता नमुन्याचं. तू लिहितेस, तो अजून कंपनीच्या कपाटात आहे, पण नमुने इमारतीबाहेर न्यायला बंदी आहे, आणि ३१ तारखेला कपाट रिकामं करून सगळं भंगारात दळायला जाणार. म्हणजे परवा. हे पत्र तुला मिळेल तेव्हा काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. खाली तू एकच शब्द लिहिलास, 'बघते'. त्या शब्दाने माझा जीव टांगणीला लागलाय. तरी लिहितो, पिशवीत घालून आणू नकोस. नोकरी गेली तर आक्का मला जन्मभर क्षमा करणार नाही, आणि ते सांगायला तिला कान लागत नाहीत. सरळ त्या साहेबासमोर उभी राहा. हवं तर माझं मागचं पत्र दाखव, टेम्पोचं.

तू मागितलेली प्रोग्रामची सीडी बाईंकडून घेऊन कालच कुरिअरने पाठवलीय. तुमच्या पातळ यंत्रांना सीडीचं तोंडही ठेवलं नाहीत, तेव्हा ती चढवायची कशी ते तूच जाण.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुझ्या गुडघ्यापेक्षा, माझ्या दम्यापेक्षा जुनी नाही, पण जास्त दुखते. तुला लिहिणार होतो. पण तुझ्याआधी ती आक्काला सांगायला हवी, आणि पाटीवर नाही.

मामा


दि. ९ एप्रिल, बुधवार

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पार्सल शनिवारी आलं. वरची चिठ्ठी आधी वाचली. बाहेर जाण्याचा परवाना, वस्तूचं वर्णन 'टाकाऊ', आणि खाली त्याच साहेबाची सही. त्याला माझा नमस्कार सांग. दोन टक्केवाल्यांचा आहे म्हणावं.

यंत्र उलटं केलं. बंदराशेजारी चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात, पेन्सिलने: 'मामा, याला बंदर एक.' चष्मा काढून पुसावा लागला.

रविवारी सकाळी बाई आल्या. येतानाच म्हणाल्या, "आज तुम्ही फक्त वायर धरायची. आणि वायरसुद्धा मी सांगितल्यावर." मी शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा. आक्का खुर्चीत, मनगटाला पट्टी, कानामागे ते मुकं यंत्र. वायर घातली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले. दिवा हिरवा. बाईंनी माझी वही उघडली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत भरायला लागल्या. आठपर्यंत मी ठीक होतो. नववा आला तेव्हा मी दिव्याकडे बघणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाई म्हणाल्या, "दहा." मी वळलो नाही. "अकरा." पंधराला दम लागून खाली बसलो. एकोणिसाव्या स्वराला पडद्यावर सगळं थांबलं. बाईंचं बोट हवेतच राहिलं. किती वेळ, मोजलं नाही, पण तेवढ्यात मी मनात तुझी, आक्काची, त्या टेम्पोवाल्याचीसुद्धा माफी मागून घेतली. मग आकडा पुढे सरकला. बावीस.

बाई म्हणाल्या, "ताई, ऐकू येतंय?"

आक्काने मान उचलली. वर बघितलं. मग म्हणाली, "केवढा करकरतोय पंखा! महिनाभर तेल घातलं नाहीस ना रे?"

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. त्यांना पाणी दिलं. आणि मी आक्कासमोर स्टूल ओढून बसलो. तिच्याशी पहिलं वाक्य कोणतं बोलायचं ते मी आठ दिवस ठरवून ठेवलं होतं. ठरवलेलं सगळं विसरलो, पण सांगितलं. आता तुला सांगतो.

त्या दिवशी तू बॅग उचलून दारात थांबलीस. आक्का ओट्याशी पाठमोरी, यंत्र ताटाशेजारी, तुला ते दारातून दिसलं नसणार. तू म्हणालीस, "आई, येते." ती वळली नाही. तू पुन्हा म्हणालीस, "आई, येते मी." मग गेलीस. मी मधे टेबलाशी बसलो होतो. नुसता हात उचलून तिच्या खांद्याला लावला असता तर पुरे होतं. नाही लावला. तू गेल्यावर ती वळली, दाराकडे बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवून विचारलं, काही म्हणाली? मी मान हलवली. नाही.

तीन वर्षं तुला वाटतंय, आईने उत्तर दिलं नाही. तीन वर्षं तिला वाटतंय, लेक 'येते' न म्हणता गेली. मला दोन्ही ठाऊक होतं, आणि मी पत्रांतून तुला बंदरातला दम शिकवत होतो.

हे मी आक्काला सांगितलं. तिचा हात कानाकडे गेला. मी मनाशी म्हटलं, संपलं, काढणार आता यंत्र. इतक्या दिवसांनी आलेला आवाज माझ्यामुळे तासभरही टिकला नाही.

तिने काढलं नाही. बोटाने आवाजाचं चाक वर सरकवलं, पार टोकापर्यंत. आणि म्हणाली,

"पुन्हा सांग."

मी म्हटलं, "ती 'आई, येते' म्हणाली होती."

"कितीदा?"

"दोनदा."

"मग दोनदा सांग ना."

दुसऱ्यांदा मला जमलं नाही. बाईंनी सांगितलं.

बऱ्याच वेळाने, पंख्याला तेल घालायला मी स्टुलावर चढलो तेव्हा खालून म्हणाली, "त्या दिवशी मी यंत्र काढलं ते तिच्यामुळे नाही हो. तू कानबिन म्हणालास ना पोरीला, ते ऐकवेना म्हणून काढलं." म्हणजे तेही मी तुझ्याच माथी मारलं होतं. तेलाची बाटली हातात धरून मी तसाच वर उभा राहिलो. खाली उतरायची हिंमत व्हायला वेळ लागला.

बाकी सगळं ठीक. मनगटाची पट्टी गुरुवारी सुटेल. कन्व्हर्टर मी फेकला नाही, बाईंच्या नातवाच्या कामाचा आहे. त्याचाही काही दोष नव्हता.

आक्का शेजारी बसून विचारतेय, काय लिहितोस एवढं? म्हणते, तिला फोन करायला सांगू नकोस, फोनवर नात दोन शब्द बोलेल आणि पळेल. मला ती खोलीत पळताना ऐकायचीय.

तेव्हा लवकर उत्तर लिही. मोठं पत्र नको. एकच शब्द पाठव, दोनदा लिही. मी तिला मोठ्याने वाचून दाखवीन.

तुझा मामा